कबरे, सांग त्याइले

त्याइचं नाव मी घेनार नाई. माह्या नवऱ्याचे ते मोठे भाऊ, म्हनजे माहे भासरे. आमच्याकडे बाई भासऱ्याचं नाव घेत नाई, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाई, आन् त्याच्यासंग समोरासमोर बोलत नाई. भासरा मेला तरी भासराच रायते. गावात त्याइले 'बाप्पावाला' म्हनत. ते नाव मी घेते, कारन ते काई मायबापानं ठेवलं नव्हतं. ते त्याइनं आपल्या लक्षनानं कमावलं होतं.

लक्षन काय, तर काई बी दिसलं का "बाप्पा!" सरड्यानं मान हालवली, बाप्पा. सायकलची सावली भिंतीवर चढली, बाप्पा. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू चोच मारून राहिलं तर घरात कोनी जेवाचं नाई, सगळ्याइनं टोपलीपाशी येऊन बसाचं.

मांघच्या महिन्यात माही नात आंधळगाववरून आली होती. तिनं मोबाइल माह्यासमोर धरला. त्यात एक गोरीगोमटी बाई सांगून राहिली होती का रोज फिराले जा, रोज एक तरी नवल शोधा, पानाकडे पाहा, ढगाकडे पाहा, जीवाले बरं वाटते. नात म्हने, "आजी, लोकं याचे क्लास लावतेत आता."

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरी तो क्लास जन्मभर चालला. फी आम्ही भरली."

ती म्हने, "सांग ना वं, आजी." म्हनून सांगते.

माहं लगन झालं त्या दिवशी मी पह्यल्यांदा त्याइचा आवाज ऐकला. मी मांडवात मान खाली घालून बसली होती. वऱ्हाड पंगतीले बसलं होतं आन् पुऱ्या काई येत नव्हत्या. मांडवामागून आवाज आला, "बाप्पा बाप्पा! पाह्य ना गा, चपटी टाकली का फुगून वर येते! आत कोन फुंकते?" आचारी म्हने, "बाजूले व्हा ना जी, तेल उडन." तर हे कढईवर वाकून उभे. घरचा मोठा मानूस, त्यानं पंगतीत फिराव, 'घ्या जी, लाजू नोका' म्हनाव, तर हा कढईत पाहून राहिला. माहा मामा माह्या कानाशी लागला, "पोरी, या घरात एक मानूस कमी हाये असं समजून वाग." मामानं खोटं नाई सांगतलं.

त्याइचं स्वतःचं लगन काई झालं नाई. पोरगी पाह्याले गेले होते म्हनते. पोरगी चहा घेऊन समोर आली, आन् याइचं ध्यान जमिनीवर. छपराच्या कवेलूच्या फटीतून उन्हाची गोल चकती पडली होती, ते सरकून राहिली होती, आन् हे तिच्यासंग सरकून राहिले. पोरीच्या मायनं कपबशी उचलली आन् म्हने, "आमच्या पोरीले पाहनारा पाह्यजे, उन्हाले पाहनारा नाई." शहानी बाई होती. तिची पोरगी सुटली. मी सापडली, पन मी काई त्याइची बायको नव्हती, एवढेच देवाचे उपकार.

आता तुम्ही म्हनान, भासरा भावसुनेसंग बोलत नाई तर एका घरात राह्याचं कसं? घर भरलेलं असन तर सोपं रायते. कोनीतरी मंधात रायते. मी सासूले म्हनाव, "मामी, सांगा, भात झाला." सासूनं म्हनाव, "अरे, भात झाला." ते तिथंच बसलेले, ऐकलेलंच रायते, तरी सांगाचं. आन् घरात कोनीच नसन तर भिंतीले सांगाचं. मी चुलीपाशी, ते ओसरीत, पाठ माह्याकडे, मंधात भिंत. भिंतीनं आमच्या घरात जेवढं ऐकलं तेवढं कोनत्या मानसानं नाई ऐकलं.

तर हे मले दाखवाच्या चीजा भिंतीले दाखवत.

"भिंती, पाह्य वं, चुलीवरच्या गंजातला भात कसा झाकन उचलून राहिला! त्याले हात नाई, पाय नाई. नुसती वाफ ते. पन जर्मनचं झाकन उचलते!"

मी म्हनत होती, "भिंती, सांग, वाफेले हात नाई, पन घरच्या मानसाइले हायेत. दोन लाकडं फोडून देल्ली तर बरं होईन."

लाकडं मीच फोडत होती. एकदा नदीवर जातानी सासूच्या तोंडून निरोप ठेवला का भाताकडे ध्यान ठेवा. परत आली तर गल्लीपासूनच वास. भात खाली लागलेला, गंजाचं बूड काळं, झाकन खडखड नाचून राहिलेलं आन् हे समोर मांडी घालून बसलेले. ध्यान ठेवलंच होतं की. झाकनावर. सासू म्हने, "अरे मेल्या, भात लागला ना!" हे म्हने, "हो का? मले वाटलं वास वाफेचाच हाये." मी पदराखाली दात खाल्ले. मनात अरे-तुरे आन् तोंडानं अहो-जाहो, असा माहा जन्म गेला.

आमचं घर मासोळीवाल्याइचं. वैनगंगेत डोंगा, तलावात जाळं, आन् एक बारकीशी धानाची बांधी. पावसाळ्यात बांधीचं पानी धुऱ्याच्या, म्हनजे बांधाच्या, तोंडातून खाली पडाले लागलं का मासोळ्या त्या धारेवर उलट्या चढतेत. त्याइले काय सुचते देव जाने, पन चढतेत. मंग धुऱ्याच्या तोंडाले बांबूच्या कामट्याइचा पिंजरा लावाचा. एका सकाळी पिंजरा भरते. ताजं खाचं, विकाचं, उरलं ते वाळवून ठेवाचं. आमचा आधा पावसाळा त्याच्यावर निघत होता.

ज्या वर्षी माह्या नवऱ्याले कावीळ झाली, त्या वर्षीची गोष्ट सांगते. तो खाटेवर हळदीवानी पिवळा पडलेला. पोरगी माही कडेवरची. सासूचे गुडघे गेलेले. मी लोकाइच्या बांधीत धानाच्या रोवन्याले जाऊन राहिली होती. पिंजरा लावाचं काम या मोठ्या मानसाकडे होतं. त्याइनं पिंजरा लावला, हे खरं हाये. मी रोवन्यातून वाकलेली कंबर धरत दुपारी तिकडे गेली. पाहते तर पिंजरा धुऱ्यावर वाळत पडला आन् हे चिखलात उकिडवे बसून राहिले. मासोळ्या धारेवर उडून राहिल्या, चमकून राहिल्या, वर बांधीत जाऊन राहिल्या, आन् हे हात जोडून!

मी बोलू शकत नव्हती. तिथं ना भिंत, ना सासू. मी धुऱ्यालेच म्हटलं, "धुऱ्या, विचार, पिंजरा काहून काढला?"

त्याइनं वळून बी नाई पाह्यलं. "धुऱ्या, सांग तिले, एक मरळ तीनदा पडली आन् चौथ्यांदा चढली. एवढं चढून येनाऱ्याले तोंडाशी पिंजरा लावाचा का? बाप्पा, थोडं तरी मानूस म्हनून राह्याव."

मानूस म्हनून राह्याव! घरात मानूस मरून राहिला होता. त्या आठवड्यात आम्ही रानातल्या तरोट्याची भाजी खाल्ली, बिना तेलाची. माहा नवरा त्या भाजीनं नाई मेला, काविळीनं मेला, ते मले समजते. मासोळीनं वाचला असता असं मी म्हनत नाई. पन मरायच्या आधी त्यानं मासोळीचं कालवन मांगतलं होतं, आन् ते मी देऊ शकली नाई. भासऱ्याचं नवल काय ते त्या दिवशी मले समजून गेलं. ज्याच्या ताटात दुसरा वाढते, त्याले मासोळीची दया येते.

मंग सगळं माह्याच अंगावर पडलं. रोवना, कापनी, मोहफुलं, बाजारात बसून सुकट विकनं. पोरीचं लगन मी केलं. हे घरी जाळं विनत, ते बी मनात आलं तर. जाळ्याच्या एका भोकातून चांदनी दिसली का तिथंच हात थांबला. भंडाऱ्याच्या बाजारात मी टोपली घेऊन बसली का हे पितळेच्या भांड्याच्या दुकानासमोर उभे. पान्याच्या गुंडीत आपलं लांबडं तोंड पाहत. दुकानदार म्हने, "बाबा, घेता का? नाई तर सरका." हे म्हने, "मी घेऊन काय करू? तुमच्याकडे रायते तवाच सारा बाजार त्यात दिसते." पंक्चरच्या दुकानात तर आधा दिवस गेला एकदा. ट्यूब पान्यात दाबली का बुडबुडे येतेत, ते पाहत. घरी येऊन भिंतीले सांगतलं, "हवा कोनाले दिसत नाई, पन पान्यात घातली का दिसते." मी म्हटलं, "भिंती, सांग, मी बी कोनाले दिसत नाई. मले बी घाला पान्यात."

पान्यात तर मंग सगळेच गेलो.

धरनाचं पानी गावात येनार हे आम्हाले खूप आधीपासून मालूम होतं. मालूम रायनं वेगळं आन् येनं वेगळं. लोकाइनं दारं, खिडक्या, कवेलू काढून ट्रॅक्टरवर टाकले. माहं जातं तेवढं रायलं. खालचा दगड ओट्यात पक्का बसवलेला, वरचा मले एकटीले उचलत नव्हता. ट्रॅक्टरवाला म्हने, "आता गिरन्या हायेत ना बाई, दगड कायले नेता?" माह्या सासूच्या सासूचं जातं होतं ते.

पानी आलं त्या दिवशी सगळं गाव वरच्या बरडावर उभं होतं. बाया ऊर बडवून राहिल्या होत्या. आन् या मानसाचा आवाज आला, मोठ्यानं.

"बाप्पा! पाह्य ना गा, पानी कसं येते! पळत नाई, आवाज करत नाई. पाहुन्यावानी येते. उंबरठ्यापाशी थांबते, मंग आत जाते." मंग हसून म्हने, "आता आपल्या जात्यात मासोळ्या रायतीन!"

शेजारचा म्हातारा, ज्याचं घर आधी बुडालं होतं, त्यानं पायातली चप्पल काढली आन् फेकून मारली. लागली बरोबर गालावर. माही छाती थंड झाली, खोटं कायले सांगू. भासऱ्याइनं वाकून चप्पल उचलली, त्या म्हाताऱ्याच्या पायापाशी नेऊन ठेवली आन् म्हने, "माहं बी घर तिथंच हाये गा. रडतानी पाह्यता येत नाई का?"

मी मनात म्हटलं, नाई येत. मले तरी नाई आलं. मी ओट्याकडे पाह्यलंच नाई.

नवीन वस्तीत सरकारी प्लॉटवर टिनाचं घर बांधलं. सरळ रांगा, झाड नाई, नदी लांब. सासू तिथं फार दिवस काढू शकली नाई. पोरगी आंधळगावले आपल्या घरी. रायलो कोन, तर मी आन् हे. आयुष्यभर ज्या मानसापासून मंधात कोनीतरी ठेवलं, त्याच्यासंग आता मंधात कोनीच नाई. लोकं म्हनत, "म्हातारे झाले दोघं, आता कायची लाज?" लाज नाई, रीत हाये. घर बुडालं, गाव बुडालं, नदी गेली. एक रीत तेवढी कोरडी वर आली होती. ते बी बुडवाची का?

मंग पोरीनं एक बकरी देल्ली. काळी-पांढरी, म्हनून कबरी. आंगनात खुटा ठोकला, तिथं तिले बांधली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ओसरीतून आवाज, "कबरे, तिले विचार, चहा झाला का?"

मी म्हटलं, "कबरे, सांग त्याइले, दूध तू देशीन तवा होईन."

झालं. भिंतीची जागा बकरीनं घेतली. बकरी भिंतीपेक्षा बरी, मंधातच बें करत होती, आन् दोघाइले वाटे आपल्याच बाजूनं बोलली. दिवसभर नवल सुरूच. कबरे, नळातून पानी याच्या आधी नळ कसा खोकलते ते ऐक. कबरे, टिनावर चिमनी चालते तर केवढी मोठी वाटते. मी सुकट निवडता निवडता म्हनत होती, "कबरे, सांग त्याइले, चिमनीनं घर चालत असन तर तिलेच ठेवा."

मंग एक दिवस म्हनाले लागले, "कबरे, आपल्या बल्बाले खळं पडलं वं! चंद्राले पडते तसं. बाहेरून तांबडं, आत हिरवं, मंधात निळं. बाप्पा, घरबसल्या इंद्रधनुष!"

मी म्हटलं, "कबरे, सांग त्याइले, बल्ब पुसा. खळं जाईन."

बल्ब पुसला. खळं गेलं नाई. त्याइले आनंदच झाला. रोज दिवे लागले का त्या बल्बाखाली जाऊन बसाचे, लगनातल्या नवरदेवावानी वर तोंड करून. डोकं दुखे ते बी सांगत, पन सांगतानी असं, जसं काई जत्रेत जाऊन पाय दुखले. वर्ष गेलं. मंग उंबरठ्याले ठेच लागाले लागली, चहाचा कप ठेवाचा तर बाजेच्या बाहेर ठेवला. मी शेजारनीच्या पोराच्या ऑटोत टाकून बसस्टँडवर नेले, एसटीनं भंडाऱ्याले नेले, दवाखान्यात.

खिडकीवरची पोरगी म्हने, "आजी, पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "हे काय, इथं बसले ते."

"नाव सांगा ना."

"नाव घेत नाई बाई. भासरे हायेत."

"मग मी काय लिहू? भासरे?"

"लिह्य."

तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं, मंग त्याइलेच हाक मारली, "बाबा, तुमचं नाव?" तर बाबाचं ध्यान कुठं? बाजूच्या बाकड्यावर एका बाईले सलाईन लागलं होतं. हे त्या नळीपाशी नाक नेऊन म्हने, "बाई, या थेंबात खिडकी दिसते ना? मले दिसत नाई आता. तूच सांग, उलटी दिसते का?" ते बाई भेली. शेवटी माह्यामांघच्या बाईले मी नाव सांगतलं, म्हनजे कोनत्या देवाचं, कोनत्या हातात काय असनाऱ्या देवाचं, तसं. तिनं ओळखलं आन् तिनं खिडकीत सांगतलं. सगळे हसले. हसोत.

डॉक्टरनं डोळ्यात बत्ती मारली. विचारलं, "बाबा, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत होतं का?"

हे एकदम खूश. "हो जी! तुम्हाले बी दिसते का?"

डॉक्टरनं बत्ती खाली ठेवली. मंग माह्याकडे वळून म्हने, "आजी, हा काचबिंदू. ते कडं म्हणजे त्याचीच खूण होती. तेव्हाच यायला पाहिजे होतं. आता गेलेली नजर परत येणार नाही."

आयका! ज्याले हा मानूस वर्षभर हात जोडत बसला, तेच त्याचे डोळे खाऊन राहिलं होतं. याच्यापेक्षा जास्त मी काय सांगू नवलाबद्दल? मोबाइलवाल्या त्या बाईले सांगा म्हनाव.

घरी आलो. त्या दिवसापासून त्याइनं तोंड बंद केलं. बाप्पा नाई, कबरी नाई, काई नाई. मान खाली घालून बाजेवर बसून रायत. मी ताट ठेवलं का ताट तसंच. "कबरे, सांग त्याइले, भात थंड होऊन राहिला." कबरी बें करे. ते नाई. एक दिवस, दोन दिवस, मंग रोजच. पान्यात भिजवलेली भाकर दोन घास खाल्ली तर खाल्ली. अंग चिपाडावानी झालं. शेजारीन म्हने, "बाई वं, हे काई आता जास्त दिवसाचे दिसत नाईत."

मले मोकळं वाटाले पाह्यजे होतं. जन्मभर ज्याले ताट वाढलं आन् शिव्या गिळल्या, ते ताट सुटनार होतं. पन माह्याच घरात मानूस उपाशी मरावा, आन् ते बी मी रांधलेलं समोर ठेवून? नवऱ्याले मांगतलेलं देऊ शकली नाई मी. याले न मांगतलेलं देऊन राहिली, तर हा खात नाई. मले रागच आला. दुःख नाई, राग.

एका दुपारी पाहते तर ताटापाशी मुंग्याइची रांग. मी चिडून म्हटलं, "कबरे, सांग त्याइले, तुम्ही नोका खाऊ. मुंग्या खातेत. एक शीत उचलाले सगळं खानदान आलं आन् भांडून राहिलं."

बाजेवर हालचाल झाली. खूप दिवसानं आवाज आला, बारीक, गंजलेल्या कडीवानी. "कबरे, तिले विचार, ओढून राहिल्या का ढकलून राहिल्या?"

आता मले काय मालूम? मी वाकली. गुडघ्यानं कटकन केलं. पाह्यलं. "कबरे, सांग, काई ओढून राहिल्या, काई ढकलून राहिल्या, आन् एक वर बसून फुकट जाऊन राहिली."

ते हसले. "कबरे, ते मी असन." आन् ताटाकडे हात गेला.

मले वाटलं सुटली. कायची सुटते! दुसऱ्या दिवशी ताट ठेवलं तर हात मांडीवरच. "कबरे, तिले विचार, आज काय?" म्हनजे नवल सांगा तवा घास. लेकराले चिऊ-काऊ दाखवून भरवतेत, तसं या घोड्याले भरवाचं! सकाळी उठून झाडा, पानी आना, रांधा, सुकट घेऊन बाजारात बसा, आन् वरून हे. सरपन वेचावं तसं मी नवल वेचत फिराले लागली. टिनाच्या पन्हाळीखाली एकाच जागी थेंब पडून सिमेटाले खड्डा पडला, हे एक. बसस्टँडवरच्या कुत्रीनं आपल्या पिल्लाइसंग मांजरीचं पिल्लू पाजलं, हे एक. मी टाकल्यावानी सांगाची, जशी लाकडाची मोळी आंगनात टाकते. त्याइले पुरत नव्हतं. रंग कोनता? ऊन कोनत्या बाजूनं? मांजरीच्या पिल्लानं डोळे मिटले होते का उघडे? मंग दुसऱ्या दिवशी परत जाऊन पाहा. एकदा जुनंच परत सांगतलं तर म्हने, "कबरे, हे बासी हाये. कालचंच गरम करून वाढलं." मी म्हटलं, "कबरे, सांग त्याइले, हॉटेल नोहे हे."

पन ताट रिकामं होत होतं. हात परत जाळं विनाले लागले, आंधळेपनानंच, पह्यल्यापेक्षा सरळ. आता चांदनी मंधात येत नव्हती ना.

मंग कबरी मेली. उकिरड्यावरची प्लास्टिकची पन्नी खाल्ली, पोट फुगलं, दिवसभरात आटोपली. बकरीचं मी काई रडली नाई. पन कबरी गेली आन् आमच्या घरातलं बोलनंच गेलं. भिंत होती की, तुम्ही म्हनान. भिंत होती, पन त्याइले ते कोनीकडे हाये हे दिसत नव्हतं. कबरीच्या गळ्यातल्या घंटीवरून त्याइले समजे तोंड कोनीकडे करावं. आता तोंड कराव कोनीकडे? चुकून माह्याकडे झालं तर? त्या भेवानं ते गपच. आन् मी बी गप. ताट परत तसंच रायाले लागलं. दोन म्हातारे, एक टिनाचं घर, आन् मंधात नुसता खुटा.

तो उन्हाळा कडक होता. धरनाचं पानी खूप उतरलं. शेजारीन सांगत आली, "जुनं गाव उघडं पडलं वं, चाल पाह्याले." मले जाचं नव्हतं. मी सरपनासाठी त्या बाजूले गेली आन् पाय तिकडे गेले. चिखलाच्या भेगा पडल्या होत्या, गल्ली कुठं, घर कुठं, काई समजेना. मंग ओटा दिसला. माहाच. भिंती विरघळून गेल्या होत्या, पन ओट्याचे दगड होते. आन् ओट्यावर माहं जातं. वरचा दगड वरच, जसा ठेवून आली होती. आम्हाले उचलला नाई, धरनाले बी उचलला नाई.

मी जवळ गेली. जात्याच्या तोंडात, जिथं मी जन्मभर मूठ मूठ धान घातलं, तिथं ओंजळभर पानी रायलं होतं. खाली गाळानं बुजलेलं असन. आन् त्यात एक मासोळी होती. बोटाच्या पेरावढी. गोल गोल फिरून राहिली होती, एकटी. जातं फिरे त्याच बाजूनं.

मी सरपन तिथंच टाकलं. घरी कशी आली मले आठवत नाई. ऊन होतं, चप्पल एकच पायात होती. आंगनात आली. भासरे बाजेवर, तोंड भलत्याच बाजूले. मंधात कबरी नाई. मी घंटी शोधली, भिंत शोधली, आन् मंग माह्या तोंडून निघून गेलं, सरळ, त्याइलेच.

"भासरे, आपल्या जात्यात मासोळी हाये जी."

लगनापासून त्या दिवसापर्यंत मी त्याइले बोललेला तो पह्यला शब्द. बोलल्यावर मीच भेली. पदर ओढला. त्याइनं माह्याकडे तोंड केलं नाई. हात लांब केला, चाचपला, खाली वाकले आन् आंगनातला खुटा सापडला तसा धरला, घट्ट. मंग खुट्याकडे तोंड करून म्हने,

"खुट्या, तिले सांग, आधी पानी पे. उन्हातून आली. मंग बस आन् पह्यल्यापासून सांग."

मी पानी पेली. बसली. "खुट्या, सांग त्याइले," म्हटलं, आन् सगळं सांगतलं. ओटा, दगड, तोंडातलं पानी. कोनत्या बाजूनं फिरून राहिली ते बी. त्याइनं मंधात काई विचारलं नाई. सगळं झाल्यावर म्हने, "खुट्या, विचार, ते आनली तर नाई ना तिनं?"

"खुट्या, सांग त्याइले, पेरावढ्या मासोळीचं कालवन होते का?"

"बाप्पा," म्हने ते. हळूच. त्या दिवशी भात दुसऱ्यांदा मांगून घेतला, खुट्याच्या तोंडून.

आता तुम्ही म्हनान, पाहा, त्याइचं म्हननं खरं निघालं, जात्यात मासोळी रायली. जो मानूस रोज शंभर फालतू गोष्टी बोलते त्याची एखादी खरी निघतेच. बंद पडलेलं घड्याळ बी दिवसातून दोनदा बरोबर रायते. मी काई त्यासाठी त्याइच्या पाया पडली नाई.

दोन हिवाळे आनखी जगले. खुट्याले खाचा पडल्या त्याइच्या हातानं. मरतानी 'बाप्पा' म्हनले का, असं लोकं विचारतेत. नाई. खोकलले आन् गेले. दाखल्यासाठी बाबूनं नाव विचारलं, ते शेजारनीनं सांगतलं.

नात म्हने, "आजी, म्हनजे तू बी शेवटी नवल पाह्याले शिकलीस ना?" मी म्हटलं, "बाई, मी मानूस जगवाले शिकली. नवल त्याच्यासंग आलं, धानासंग गवत येते तसं." मले अजून बी काई कायचं नवल वाटत नाई. जास्त जगलेल्या मानसाले वाटू बी नये.

काल एकटीपुरता भात ठेवला होता. कढ आला, आन् वाफेनं झाकन उचललं, खाली टाकलं, परत उचललं. मी चुलीपाशी बसली होती, काई काम नव्हतं. खुट्याकडे पाह्यलं. मंग परत झाकनाकडे.

भात तेवढा खाली लागला.